गच्चीवरचं गरम पाणी तळमजल्यापर्यंत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. काही सभासदांनी आकडे लिहून मागितले, म्हणून ते इथे सविस्तर दिले आहेत.)



पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगायला माझ्यापेक्षा चांगले वक्ते इथे आहेत. कमिटीने मला विषय दिला आहे तो गरम पाण्याचा. रौप्यमहोत्सवात हा कसला विषय, असं काहींना वाटेल. पण येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव येणार आहे. गच्चीवरचा जुना सोलर काढून टाकायचा आणि त्या जागी वीज तयार करणारी पॅनेल्स बसवायची, असा तो ठराव आहे. दोन्ही बाजूंची मंडळी तावातावाने बोलत आहेत, जिन्यात आणि व्हॉट्सॲपवरसुद्धा. हात वर करण्याआधी थोडा हिशेब मांडू या. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे आकडे मांडल्याशिवाय मला सही करवत नाही.

सुरुवात एका बादलीपासून करू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकलो. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. आंघोळीला साधारण ४२ अंशांचं पाणी बरं वाटतं. म्हणजे २० लिटरची बादली २२ अंशांनी तापवायची, त्याला ४४० किलोकॅलरी लागतात. अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिटं नुसत्या आंघोळीची. शॉवर असेल तर गणित बदलतं. मिनिटाला आठ-दहा लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला की तीन-चार बादल्या झाल्या!

आता ही दोन युनिटं बिलात कुठे बसतात ते बघा. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, त्यापुढे आणखी चढा. दिवे, पंखे, फ्रिज ही वीज वापरली जातेच. गिझरची युनिटं त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतात, म्हणजे तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्यात. म्हणून थंडीत बिल एकदम उडी मारतं.

मग कोणी म्हणतं, पाच स्टारचा गिझर घेतला की झालं. घ्या, जरूर घ्या. पण त्या स्टारचा अर्थ समजून घ्या. साठवणीच्या गिझरवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं जे लेबल असतं, ते सांगतं की तापवून ठेवलेल्या पाण्यातली उष्णता किती कमी वाया जाते. बादलीभर पाणी २० वरून ४२ वर न्यायला लागणारी वीज एक स्टारला आणि पाच स्टारला जवळजवळ तेवढीच लागते. जो माणूस आंघोळीपुरतंच बटण दाबतो, त्याला स्टारचा फायदा थोडा. ज्याच्या घरी गिझर दिवसभर चालू राहतो, त्याला फायदा जास्त. पण दिवसभर चालू न ठेवणं हा त्याहून मोठा फायदा आणि तो फुकट आहे. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला २०-२२ मिनिटं घेतो. तेवढं आधी बटण दाबा आणि आंघोळीला जाताना बंद करा.

गॅस गिझरबद्दल एकच गोष्ट सांगतो, आणि ती पैशाची नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर म्हणजे जिवाशी खेळ. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. दरवर्षी हिवाळ्यात अशा बातम्या येतात. ज्यांच्याकडे हा गिझर बाथरूमच्या आत आहे, त्यांनी तो जाणकार माणसाकडून बाहेर मोकळ्या हवेत हलवून घ्यावा. पाण्यात सोडायची रॉड वापरणाऱ्यांनीसुद्धा आधी बटण बंद करून, प्लग काढून मगच पाण्याला हात लावायचा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवून घ्यायचा.

आता गच्चीवर जाऊ. आपल्या दोन इमारती, ३२ सदनिका. प्रत्येक इमारतीवर १००० लिटरची टाकी आणि दोन-दोन चौरस मीटरची दहा पॅनेल्स. मुलांनो, या यंत्राला पंप लागत नाही, ही त्याची गंमत आहे. पॅनेलमधलं पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच्या टाकीत चढतं. टाकीतलं गार पाणी खाली उतरतं. दिवसभर हा फेरा आपोआप चालू राहतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दोन चौरस मीटरचं एक पॅनेल साधारण १०० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेतं.

पुरतं का ते? ६० अंशांचं पाणी कोणी अंगावर घेत नाही, त्यात गार मिसळतो. हिशेब केला तर ४२ अंशांच्या २० लिटर बादलीसाठी ६० अंशांचं पाणी लागतं फक्त ११ लिटर. आपल्याकडे सदनिकेमागे सरासरी तीन माणसं धरली तर ९६ माणसं. रोज साधारण १०५० लिटर. गच्चीवर आहे २००० लिटर. म्हणजे बादलीने आंघोळ करणाऱ्यांसाठी पाणी जवळजवळ दुप्पट आहे, आणि तरी तळमजल्यावरच्या सहा घरांनी सोलरचा नळ बंद करून गिझर लावले आहेत. का?

कारण पाणी तापतं, पण पोचत नाही.

गच्चीवरच्या टाकीपासून डक्टपर्यंत आडवी लाइन नऊ-दहा मीटर, तिथून तळमजल्यापर्यंत उभी अकरा-बारा मीटर. एक इंची पाइपात मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे रात्रभर पाइपात पडून गार झालेलं दहा लिटर पाणी ओतून दिल्याशिवाय तळमजल्यावर गरम धार येत नाही. तिसऱ्या मजल्यावर ती दोन-तीन मिनिटांत येते. तळमजल्यावर राहतात कोण? गुडघे दुखतात म्हणून मुद्दाम तिथे घर घेतलेली आपली ज्येष्ठ मंडळी. पहाटे उघड्या नळापाशी उभं राहायचं, अर्धी बादली पाणी मोरीत जाताना बघायचं, आणि मेंटेनन्स मात्र सगळ्यांइतकाच द्यायचा. मग त्यांनी ‘काढून टाका तो सोलर’ म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

दुसरं कारण आणखी मजेशीर आहे. गेल्या दहा वर्षांत निम्म्या घरांनी बाथरूम नव्याने केली. छान केली. पण नवे मिक्सर बसवताना गार आणि गरम लाइनींच्या दाबाचा विचार झाला नाही. एखाद्या मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या राहिल्या आणि पुढचा शॉवर मात्र बंद असला, की जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून उलटं गरम लाइनीत शिरतं. दुसऱ्या मजल्यावरचा एक मिक्सर असा राहिला की त्या उभ्या लाइनीवरच्या बाकीच्या तीनही घरांना कोमट पाणी. दोष सोलरला! उपाय आहे काही शे रुपयांचा, प्रत्येक घराच्या गरम लाइनीवर एकदिशा झडप, ज्याला प्लंबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो.

तिसरं कारण म्हणजे देखभाल. बोअरचं पाणी जड असतं, त्याचे क्षार पॅनेलच्या नळ्यांत बसतात आणि पाण्याचा फेरा मंदावतो. काही वर्षांनी नळ्या आम्लाने धुऊन घ्याव्या लागतात. काचेवर धूळ बसते, ती पंधरा दिवसांनी पुसायला हवी. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. झिजून संपली की बदलायची असते. आपल्याकडे हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही. कमिट्या बदलत गेल्या आणि ज्याची गच्चीवर चक्कर झाली त्याने काच पुसली, एवढंच.

आता ठरावाकडे वळू. सोलर वीज चांगली की सोलर पाणी? इथे बरेच गैरसमज आहेत. पहिला गैरसमज अनुदानाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेल्ससाठी आहे, पाणी तापवणाऱ्या पॅनेल्ससाठी नाही. गृहनिर्माण सोसायटीला सामाईक वापराच्या विजेसाठी, म्हणजे पंप, जिन्यातले दिवे वगैरेंसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. चांगली योजना आहे, आपण घ्यायलाच हवी. प्रश्न एवढाच, की तिच्यासाठी पाणी तापवणारा सोलर काढायची गरज आहे का?

जागेचा हिशेब करू. आपल्या वीस पॅनेल्सनी मधल्या वाटा धरून अंदाजे ६० चौरस मीटर जागा घेतली आहे. तेवढ्या जागेत विजेची पॅनेल्स बसतील सुमारे ६ किलोवॅटची. ती दिवसाला सरासरी २४ युनिटं देतील. थंडीत आपल्या ९६ बादल्यांना उष्णता लागते ४९ युनिटांची. म्हणजे हिवाळ्यात पाण्याचा सोलर त्याच जागेत विजेच्या सोलरच्या दुप्पट काम करतो. पण न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल-मेमध्ये गरम पाणी कोणाला हवं असतं? टाकी तापते आणि तशीच राहते. विजेचं तसं नाही, उन्हाळ्यातली वीज नेट मीटरिंगमुळे हिशेबात जमा होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण वापर, आजूबाजूच्या उन्हाच्या तीनेक महिन्यांत निम्मा, पावसाळ्यात जवळजवळ काही नाही, असं धरलं आणि गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता मिळवली, तर पाण्याचा सोलर आपली वर्षाला अंदाजे ९,००० युनिटं वाचवू शकतो. विजेची पॅनेल्स देतील ८,७०० च्या आसपास. सामना बरोबरीत सुटतो, मंडळी!

बरोबरीत सुटला तर निर्णय कशावर करायचा? माझं मत सांगतो. एक यंत्र गच्चीवर उभं आहे, दुसरं विकत आणायचं आहे. उभं आहे ते दुरुस्त करायला कमी पैसे लागतात. शिवाय विजेची पॅनेल्स पाण्याच्या टाक्यांच्या वर, जिन्याच्या माथ्यावर, मागच्या पार्किंगच्या पत्र्यावर बसू शकतात. सोलरच्या गरम पाण्याला मात्र टाकीजवळची, दक्षिणेकडे तोंड असलेली जागाच लागते. तेव्हा एक काढून दुसरं बसवण्यापेक्षा पहिलं नीट करावं आणि दुसरं उरलेल्या जागेत बसवावं.

काही तरुण मंडळींनी हीट पंपाचा प्रश्न विचारला आहे. प्रश्न चांगला आहे. फ्रिज जसा आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसाच हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता पाण्याला मिळते. हॉटेलं, हॉस्पिटलं वापरतात. ढगाळ दिवसांतही चालतो. पण सुरुवातीचा खर्च मोठा, थोडा आवाज, आणि दुरुस्तीला जाणकार माणूस हवा. ज्या घरी गिझर दिवसातून चार वेळा लागतो, आजारी माणूस आहे, लहान बाळ आहे, तिथे विचार करण्यासारखा आहे. सोसायटीसाठी मात्र आज नको. पुढे विजेची पॅनेल्स बसली आणि सोलरची टाकी आयुष्य संपून गेली, तर त्या जागी हीट पंप हा नैसर्गिक पुढचा टप्पा ठरेल.

आणखी एक सूचना. आपल्या दक्षिणेला नवीन इमारत उभी राहते आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सगळ्यात खाली असतो. नाशिकला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे आपल्या गच्चीपेक्षा दहा मीटर उंच भिंत असेल तर तिची सावली भर दुपारी साडेनऊ मीटर पडेल, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. कुठल्याही कामाची ऑर्डर देण्याआधी ती सावली कुठपर्यंत येईल ते मोजून घ्या.

आता खरा मुद्दा, वाटपाचा. जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा, तो इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. त्याचा एक अलिखित नियम होता. ज्याने गरम पाण्याची बादली काढली, त्याने बंबात गार पाणी ओतायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं. दिवाळीत पहाटे सगळं घर अभ्यंगस्नानाला रांगेत असायचं, पण शेवटच्यालाही गरम पाणी मिळायचं, ते या नियमामुळे. आपली सोसायटी सहकारी आहे. मेंटेनन्सची पावती आणि सातबाराचा वाद एवढ्यापुरता सहकार राहिला, तर पंचवीस वर्षांत आपण फक्त शेजारी झालो, सभासद नाही.

तळमजल्याला न्याय देणारा उपाय महागडा नाही. उभ्या लाइनींच्या खालच्या टोकापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एक परतीची लाइन टाकायची आणि अर्धा अश्वशक्तीचा छोटा पंप लावायचा. तो पहाटे साडेपाच ते आठ चालेल आणि पाइपातलं गार पाणी टाकीकडे परत नेईल. मग कोणत्याही मजल्यावर नळ उघडला की थोड्याच वेळात गरम धार. अडीच तास सलग चालला तरी पंपाला इमारतीमागे एक युनिट पुरतं. अट एकच, सगळ्या गरम लाइनींवर उष्णतारोधक आवरण पाहिजे. नाहीतर हा पंप टाकीतली उष्णता भिंतींना वाटत बसेल.

परतीची लाइन, पंप, आवरण, झडपा, नळ्या धुणं आणि फुटलेल्या काचा बदलणं, हा सगळा खर्च समजा सदनिकेमागे साडेसात हजार आला. ९,००० युनिटं भागिले ३२ म्हणजे सदनिकेमागे वर्षाला २८० युनिटं. सोपं जावं म्हणून युनिटला दहा रुपये धरा. वर्षाला २,८०० रुपये. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. तुमचा दर वेगळा असेल तर तुमच्याच बिलावरचा आकडा घालून भागाकार करा. कर्जाची प्रकरणं तपासताना मला याहून लंगडे हिशेब पुष्कळदा बघायला मिळत.

‘आमचा फ्लॅट बंद असतो, मुलगा पुण्याला, आम्ही का द्यायचं?’ हा प्रश्न येणार. रास्त आहे. माझी सूचना अशी, की यंत्रणा उभी करायचा खर्च सगळ्यांनी समान द्यावा, कारण ती इमारतीची मालमत्ता आहे आणि फ्लॅट विकताना-भाड्याने देताना तिचा फायदा होतो. रोजच्या देखभालीचा खर्च मात्र जे पाणी वापरतात त्यांच्यावर टाकावा. सर्वसाधारण सभेने यावर चर्चा करून नियम लिहून काढावा. तोंडी नियम वाद वाढवतात.

शेवटी, माझी एक मागणी. मतदानापूर्वी एक महिना मोजमाप करू. गच्चीवर टाकीच्या तोंडाशी एक तापमापक आणि तळमजल्यावरच्या एका घरात एक. रोज सकाळी सहा वाजता दोन्ही आकडे वहीत लिहायचे, आणि गरम धार यायला किती बादल्या ओतल्या तेही. हे काम आठवी-नववीच्या मुलांना द्या, ती आपल्यापेक्षा प्रामाणिकपणे लिहितील. वही सूचना फलकाखाली ठेवा. टाकी ५५-६० दाखवते आणि खाली ३० येतंय, तर दोष पाइपाचा. टाकीच ४० दाखवते, तर दोष पॅनेलचा. तेव्हा कोणाचा आवाज मोठा यावर ठराव होणार नाही.

वहीत जे निघेल ते मान्य करायची तयारी ठेवू. पॅनेल्स खरोखरच निकामी झाली असतील तर मीही काढायच्या बाजूने हात वर करीन. पण दुखणं पाइपात असताना शस्त्रक्रिया गच्चीची करू नका. आणि निर्णय कोणताही घ्या, नवं यंत्र आलं तरी ही परतीची लाइन आणि हे आवरण लागणारच आहे. पहाटे तळमजल्यावरच्या आजींनी नळ उघडला आणि त्यांना तिसऱ्या मजल्याइतकंच गरम पाणी मिळालं, की समजायचं सोसायटी पंचवीस वर्षांची झाली.